दातातले ‘सिमेंट’ निळ्या लाइटने घट्ट कसे होते?

दाढ किडली की डॉक्टर कीड कोरून काढतात, खड्ड्यात दाताच्याच रंगाचे मऊ मिश्रण भरतात आणि त्यावर निळा प्रकाश टाकतात. काही सेकंदांत ते कडक होते. बोलताना आपण याला ‘सिमेंट’ म्हणतो, पण हे असते कॉम्पोझिट रेझिन. ते किती टिकेल, हे बऱ्याच अंशी या काही सेकंदांवर ठरते.

प्रकाश नेमके काय करतो?

कॉम्पोझिटमध्ये रेझिनचे छोटे रेणू, काचेसारख्या पदार्थाची बारीक भुकटी आणि प्रकाशाने क्रियाशील होणारा एक घटक असतो. बहुतेक वेळा तो कॅम्फरक्विनोन असतो. सुमारे ४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश तो सर्वाधिक शोषतो. त्यातून सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन घट्ट जाळे तयार होते. यालाच क्युरिंग म्हणतात. क्युरिंग उत्तम झाले तरी जुळू शकणाऱ्या बंधांपैकी साधारण ५० ते ७५ टक्केच जुळतात. प्रकाश कमी पडला तर हे प्रमाण आणखी घटते.

तीव्रता आणि वेळ यांचे गणित

मिळणारी ऊर्जा म्हणजे प्रकाशाची तीव्रता गुणिले वेळ. दर चौरस सेंटीमीटरला १००० मिलिवॅट तीव्रतेचा लाइट २० सेकंद धरला तर २० ज्यूल ऊर्जा मिळते. तीव्रता निम्मी असेल तर तेवढ्याच ऊर्जेसाठी ४० सेकंद लागतात.

मग तीव्रता वाढवून वेळ वाचवता येईल का? काही लाइट ३००० मिलिवॅटने ३ सेकंदांत काम करतात, पण प्रत्येक कॉम्पोझिट त्यासाठी बनवलेले नसते. कडक होताना कॉम्पोझिट थोडे आकसते. हे फार झपाट्याने झाले तर फिलिंग आणि दात यांच्या सांध्यावर ताण येतो. शिवाय जास्त उष्णता दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचू शकते.

वर कडक, खाली कच्चे

खरी अडचण खोलीची आहे. प्रकाश आत जाताना झपाट्याने क्षीण होतो. त्यामुळे वरचा थर टणक लागला तरी तळाचा कच्चा राहू शकतो, आणि वरून टोचून पाहिल्यास ते कळत नाही. म्हणून नेहमीचे कॉम्पोझिट सुमारे २ मिलिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थरावर लाइट देतात. ‘बल्क फिल’ प्रकारात हा थर साधारण ४ मिलिमीटरचा चालतो. गडद छटांना जास्त वेळ लागतो. लाइटचे टोक दूर राहिले, तिरके धरले गेले किंवा त्यावर रेझिन चिकटलेले असले तरी ऊर्जा कमी पडते.

तळ कच्चा राहिला तर फिलिंग कमकुवत होते, दातापासून सुटू शकते आणि कडेने पुन्हा कीड लागण्याचा धोका वाढतो.

रुग्णाने काय करावे?

लाइट सुरू असताना तोंड पुरेसे उघडे ठेवावे आणि डोके हलवू नये. मागच्या दाढांपर्यंत टोक नीट पोहोचणे यावरच अवलंबून असते. प्रकाशाकडे थेट पाहू नये. नारिंगी चष्मा किंवा पडदा निळा प्रकाश अडवून डोळ्यांचे रक्षण करतो. डॉक्टर पुन्हा पुन्हा लाइट देत असतील तर कंटाळू नये. तो वेळ फिलिंगच्या तळासाठी असतो.