शटर खाली ओढण्याची वेळ

दंगलीची चाहूल बाजाराला लवकर लागते. हातगाड्या अवेळी आवरल्या जातात, रिक्षा दिसेनाशा होतात. तरीही व्यापारी ‘एवढे गिऱ्हाईक आटोपू’ म्हणत गल्ल्यावर थांबतो. मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलींत सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली.

माल भरून निघू शकतो. आगीच्या विम्यात दंगलीचे कलम सामान्यतः असते. लुटीचे संरक्षण मात्र वेगळे तपासावे. पॉलिसी व साठ्याच्या नोंदींची प्रत घरी असावी (बहुतेकांची दुकानातच असते!).

दूर राहणाऱ्या नोकरांना प्रथम सोडावे. मंदिरात गेलेल्या वडीलधाऱ्यांना तेथेच थांबण्याचा निरोप द्यावा. त्यांना आणण्यासाठी मुलाला दुचाकीवर धाडू नये. रस्ता अडला असल्यास ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे.