स्कोअरशीटवर न दिसणारा पॉइंट गार्ड

ऑगस्टमध्ये प्रवेश आटोपले की शहरातल्या कॉलेजांच्या बास्केटबॉल कोर्टवर दोन कामं एकाच वेळी सुरू होतात. पोरं गोणपाट आणि वायपर घेऊन सिमेंटवर साचलेलं पाणी काढतात आणि कडेच्या कट्ट्यावर बसलेली मंडळी यंदा बॉल कोण आणणार यावर वाद घालतात. गेल्या वर्षीचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढं आणून हल्ला रचणारा खेळाडू, पदवी घेऊन गेलेला असतो. त्याची जागा कुणी घ्यायची हे सर ठरवणार असतात, पण कट्ट्याला तेवढा धीर नसतो.

परवा अशाच एका कट्ट्याजवळ अर्धा तास उभा होतो. ‘सराव सामन्यात एकट्यानं वीस मारले राव त्यानं. बॉल त्याच्याच हातात द्या,’ एक जण म्हणत होता. दुसरा म्हणाला, ‘अरे, सहा फुटाचा गार्ड असतो का कुठं? गार्ड बुटकाच पाहिजे.’ तिसरा मोबाइलवर एनबीएची क्लिप पुढं करत होता. मी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना टेबलावर बसून स्कोअरशीट लिहितो, त्यामुळं ही चर्चा दरवर्षी कानावर येते. पोरांची कळकळ खरी असते. पण बरेच मुद्दे ऐकीव असतात आणि त्यांचा फटका अठरा-एकोणीस वर्षांच्या एका पोराला बसतो, म्हणून हे लिहितोय.

हा वाद आपल्याकडं जास्त महत्त्वाचा का, ते आधी सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे येतात. कॉलेजांच्या स्पर्धेतून विद्यापीठाचा बारा जणांचा संघ निघतो, तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, तिथून पुढं अखिल भारतीय स्पर्धा आणि मग खेलो इंडियाची वाट. अमेरिकेत कॉलेजचा संघ नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तीसेक सामने खेळतो. तिथला नवा गार्ड सुरुवातीच्या सामन्यांत चुकत चुकत शिकू शकतो. आपली स्पर्धा काही दिवसांत उरकते. एक दुपार वाईट गेली की वर्ष संपलं. म्हणजे गार्ड निवडायचा तो आत्ता, या ओल्या कोर्टवरच.

गैरसमज : जो सगळ्यात जास्त गुण करतो, त्यालाच पॉइंट गार्ड करावं.

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. तो कुठून येतो हे मला टेबलावरून स्पष्ट दिसतं. मी जे स्कोअरशीट लिहितो त्यात खेळाडूचा नंबर असतो, त्याचे फाऊल असतात, संघाचे टाइमआउट असतात आणि प्रत्येक बास्केट कुणी केली त्याची नोंद असते. तिच्याआधीचा पास कुणी दिला, याला रकाना नाही. बॉल कुणी घालवला, यालाही नाही. सामना संपला की पोरं स्कोअरशीटचा फोटो काढतात आणि रात्री होस्टेलवर त्याच फोटोवरून निकाल लागतो. जे लिहिलंय तेवढंच मोजलं जातं.

जरा हिशेब करून पाहू. सामना ४० मिनिटांचा, म्हणजे २,४०० सेकंदांचा. एका हल्ल्याला जास्तीत जास्त २४ सेकंद मिळतात. दोन्ही संघांनी प्रत्येक वेळी पूर्ण २४ सेकंद वापरले, तरी शंभर हल्ले होतात, एका संघाच्या वाट्याला पन्नास. प्रत्यक्षात शॉट लवकर होतात, म्हणून आकडा त्याहून वर जातो. आता समजा, तुमच्या शूटरनं बॉल आणता आणता वीस गुण केले आणि आठ वेळा बॉल घालवला. आठ हल्ल्यांत शॉटच झाला नाही. त्यातले चार बॉल तीन गुणांच्या रेषेबाहेर, अगदी समोर गेले असतील तर नुकसान आणखी मोठं, कारण गार्डच्या मागं आपला कुणीच उभा नसतो. बॉल हिसकावणारा सरळ पळत जातो आणि मोकळा लेअप टाकतो. वीस गुण स्कोअरशीटवर त्या पोराच्या नावासमोर राहतात. ते आठ बॉल त्याच्या नावावर कुठंच येत नाहीत. समोरच्या संघाच्या गुणांत ते मिसळून जातात आणि लोक म्हणतात, ‘आपला डिफेन्स कमी पडला.’

या गैरसमजावरचं सगळ्यात बोलकं उदाहरण स्टीफन करीचं आहे, आणि तेही त्याच्या कॉलेजच्या दिवसांतलं. करी आज जगातला सगळ्यात नावाजलेला पॉइंट गार्ड आहे. पण नॉर्थ कॅरोलायनातल्या डेव्हिडसन या छोट्या कॉलेजात तो पहिली दोन वर्षं पॉइंट गार्ड नव्हता. बॉल जेसन रिचर्ड्स आणायचा. करी सहकाऱ्यांच्या आडोशानं, म्हणजे स्क्रीनमागून, बॉलशिवाय पळत राहायचा, आणि तो मोकळा होईल त्या क्षणी रिचर्ड्सचा पास त्याच्या छातीशी आलेला असायचा. २००७-०८ च्या हंगामात रिचर्ड्सनं सामन्यामागं सरासरी ८.१ असिस्ट, म्हणजे ज्यावर बास्केट झाली असे पास, दिले आणि साऱ्या अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये तो पहिला आला. कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत डेव्हिडसन शेवटच्या आठ संघांत पोहोचलं आणि ३० मार्च २००८ ला कॅन्ससकडून ५९-५७ असं हरलं. पुढं कॅन्ससनंच ती स्पर्धा जिंकली. त्या सामन्याच्या शेवटच्या क्षणी करीवर दोन जण धावून आले, त्यानं बॉल रिचर्ड्सकडं दिला आणि रिचर्ड्सचा लांबचा शॉट हुकला.

रिचर्ड्सचं शिक्षण संपलं. पुढच्या वर्षी प्रशिक्षक बॉब मॅककिलप यांनी बॉल करीच्या हाती दिला. करीनं सरासरी २८.६ गुण केले आणि देशात पहिला आला. त्याचे असिस्टही ५.६ झाले. पण आदल्या वर्षी विजेत्याला घाम फोडणाऱ्या या संघाला त्या वर्षी मुख्य स्पर्धेचं निमंत्रणच आलं नाही. रिचर्ड्सबरोबर आणखीही जुने खेळाडू गेले होते, त्यामुळं दोष एकट्या बदलाला देता येत नाही. तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. करीनं बॉल आणण्यात घालवलेलं प्रत्येक मिनिट हे स्क्रीनमागून मोकळं होऊन शॉट मारण्यातून वजा झालेलं मिनिट होतं. शिवाय बॉल ज्याच्या हातात असतो तो कुठं आहे हे समोरच्या पाचही जणांना दिसत असतं. तुमच्या कॉलेजचा सगळ्यात चांगला शूटर बॉल आणायला लागला, तर त्याच्यासाठी पास देणारा कोण उरतो? कट्ट्यावर हा प्रश्न कुणी विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.

गैरसमज : गार्ड बुटकाच असतो, उंच पोरानं रिंगखाली थांबावं.

मगसी बोग्स १६० सेंटिमीटर उंचीचा होता आणि वेक फॉरेस्टमधून कॉलेज संपवून एनबीएत चौदा हंगाम खेळला. मॅजिक जॉन्सन २०६ सेंटिमीटरचा होता, मिशिगन स्टेटसाठी त्यानं १९७९ ची कॉलेज स्पर्धा जिंकली आणि तोही पॉइंट गार्डच. आपल्याकडं बघायचं तर वाराणसीचा विशेष भृगुवंशी सहा फुटांहून उंच आहे, गार्ड म्हणून खेळत त्यानं भारताचं नेतृत्व केलं आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. बुटक्या गार्डचा ड्रिबल खाली राहतो, तो हिसकावणं अवघड जातं. उंच गार्डला समोरच्याच्या डोक्यावरून पूर्ण कोर्ट दिसतं. दोन्हींचे फायदे आहेत.

मला खरं वाईट वाटतं ते शाळांचं. आठवीत एखादा पोरगा उंच निघाला की त्याला रिंगखाली उभं करतात आणि पुढची चार वर्षं त्याच्या हातात बॉल फक्त रिबाउंडचा येतो. कॉलेजात आल्यावर तो पास नीट देऊ शकत नाही, आणि मग आपण म्हणतो, उंच पोरांना बॉल सांभाळता येत नाही.

गैरसमज : ज्याचा ड्रिबल भारी, तो पॉइंट गार्ड.

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ तयार केला, तेव्हा त्यात ड्रिबल नव्हताच. बॉल जिथं झेलला तिथूनच फेकायचा, असा नियम होता. बॉल पुढं न्यायचा तो पासनं. ड्रिबल नंतर आला, आणि आजही पास हा कुठल्याही धावण्यापेक्षा वेगवान असतो.

हे बघायचं असेल तर समोरचा संघ पूर्ण कोर्टवर प्रेस लावतो, म्हणजे बॉल आणणाऱ्याला सुरुवातीपासूनच अडवतो, तेव्हा बघा. कोर्ट २८ मीटरचं, त्यामुळं मधल्या रेषेपर्यंत १४ मीटर, आणि ती ओलांडायला ८ सेकंद. नवखा गार्ड काय करतो? मान खाली घालून साइडलाइनच्या कडेनं जीव तोडून पळतो. मधली रेषा ओलांडतो आणि त्याला वाटतं, सुटलो. तिथंच दोन जण त्याची वाट पाहत असतात. एका बाजूला साइडलाइन, बाहेर पाय पडला की बॉल गेला. मागं मधली रेषा, परत जायला मनाई. पुढं चार हात. बॉल हातात धरून थांबला तर ५ सेकंदांत काहीतरी करावंच लागतं. टेबल मधल्या रेषेपाशीच असतं, त्यामुळं तो कोपरा माझ्यापासून कधी कधी दोन पावलांवर असतो. पोराच्या घशातला श्वास ऐकू येतो, डोळे फक्त समोरच्या हातांवर खिळलेले असतात. त्याच्या ड्रिबलमध्ये काही उणं नसतं. त्यानं तीन सेकंद आधी मान वर करून मधल्या मोकळ्या सहकाऱ्याला बॉल दिला असता, तर हा कोपरा आलाच नसता. चांगला गार्ड मी त्याच्या मानेवरून ओळखतो.

आणि आपली कोर्टं विसरू नका. उघड्यावरचं सिमेंट, कुठं खड्डा, कुठं ओल. ओला बॉल हातातून सुटतो, खड्ड्यावर पडला तर उसळतच नाही. पायांमधून, पाठीमागून काढलेला जो ड्रिबल मोबाइलवर सुंदर दिसतो, तो इनडोअरच्या लाकडी कोर्टवर केलेला असतो.

गैरसमज : शेवटच्या मिनिटाला गार्डनं टाइमआउट घ्यायला हवा होता.

यावरून मी पोरांना शिव्या खाताना पाहिलंय, म्हणून स्पष्ट सांगतो. एनबीएत खेळाडू टाइमआउट मागू शकतो. आपल्या स्पर्धा फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नियमांनी होतात आणि त्यात तो अधिकार खेळाडूला नाही. मुख्य प्रशिक्षकानं किंवा पहिल्या सहायकानं टेबलाकडं येऊन मागायचा असतो. पहिल्या दोन क्वार्टरमध्ये मिळून दोन, नंतरच्या दोन क्वार्टरमध्ये मिळून तीन. गार्डनं कोर्टवरून कितीही खुणा केल्या तरी मी हॉर्न वाजवू शकत नाही.

एनबीएची आणखी एक सवय इथं नडते. तिथं सहाव्या फाऊलला खेळाडू बाहेर जातो, आपल्याकडं पाचव्याला. प्रेस खेळणारा गार्ड पहिल्या अर्ध्यात तीन फाऊल करून बसला की त्याला बाकावर बसवावं लागतं. त्यामुळं ‘हा की तो’ हा वादच अपुरा आहे. दोघंही लागणार आहेत. दुसऱ्या गार्डला सरावात मुख्य चौघांबरोबर किती वेळ मिळतो, यावर कट्ट्यानं बोलावं.

गैरसमज : हरलो ते गार्डमुळं.

पास चुकला की सगळे देणाऱ्याकडं बघतात. निम्म्या वेळा चूक घेणाऱ्याची असते. तो बॉलकडं एक पाऊल पुढं येत नाही, जागेवरच हात पसरून उभा राहतो आणि मधून समोरचा बॉल उचलून नेतो. विद्यापीठाच्या संघात तर हे जास्त होतं. चार जिल्ह्यांतल्या वेगवेगळ्या कॉलेजांची पोरं एकत्र येतात. बीडचा शूटर डावीकडं वळणार की उजवीकडं, हे जालन्याच्या गार्डला ठाऊक नसतं. ते कळायला सराव लागतो, आणि शिबिराचे दिवस मोजकेच असतात.

तेव्हा कट्ट्यावरच्या पोरांना मी परवा एक काम सांगितलं. एक वही आणा. दोन्ही गार्डच्या नावांपुढं तीन रकाने पाडा. त्याच्या पासवर सहकाऱ्यानं बास्केट केली तर पहिल्यात एक रेघ. त्यानं बॉल घालवला तर दुसऱ्यात. तिसरा रकाना थोडा अवघड आहे : पास बरोबर होता, सहकारी मोकळा होता, पण शॉट हुकला. ही रेघ अधिकृत असिस्टच्या आकड्यांतही येत नाही, कारण असिस्ट बास्केट झाली तरच धरतात. गार्डचं काम मात्र तिथं पूर्ण झालेलं असतं.

पोरं लगेच तिसऱ्या रकान्यावरून भांडायला लागली. मोकळा म्हणजे नेमका किती मोकळा, समोरच्याचा हात वर असेल तर धरायचं का नाही. शेवटी ठरलं की एक हाताच्या अंतरात कुणी नसेल तर रेघ ओढायची. येत्या शनिवारी पाऊस थांबला तर सराव सामना आहे. त्या दिवशी मी टेबलावर नाही, पेन्सिल घेऊन कट्ट्यावर बसणार आहे.