घाट कुठून चढायचा?

मुरुडच्या घरी ओटीवर नकाशा पसरला तेव्हा समुद्रावरून वारं येत होतं. एका कोपऱ्यावर अडकित्ता ठेवला, दुसऱ्यावर तांब्या, उरलेल्या दोन्हींवर नारळ. नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाचा, तुकडे जोडून केलेला. जमिनीवरचा अर्धा किलोमीटर म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर. डावीकडे आमची किनारपट्टी, मोकळी आणि पांढरी. उजवीकडे तपकिरी रेषांची दाटी, तो सह्याद्री. मुरुडहून साताऱ्याला पायी जायचं होतं आणि घाट कुठून चढायचा ते ठरत नव्हतं.

आमच्या गावात हा प्रश्न जुना आहे. १८७५ साली धोंडो केशव कर्वे इथूनच साताऱ्याला चालत गेले. वय सतराच्या आसपास, पाऊस कोसळत होता, अंतर सुमारे ११० मैल, आणि सरकारी परीक्षेची तारीख गाठायची होती. पोचले ते, पण वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. शाळेत ही गोष्ट आम्हाला जिद्दीची म्हणून सांगायचे आणि तशी ती आहेच. पण माझं मन लहानपणापासून त्यातल्या चालण्यावरच अडकलेलं. कुठे मुक्काम केला असेल, ओढे कसे ओलांडले असतील, घाटाच्या तोंडाशी धुकं असताना पाऊल कशाच्या भरवशावर टाकलं असेल?

आम्ही तिघं होतो: दादा, मामेबहीण आणि मी. बहीण किलिमांजारो चढून आलेली. तिथेही आधी वाटच निवडावी लागते, ती सांगत होती. मारांगूच्या वाटेवर झोपायला लाकडी खोल्या मिळतात, म्हणून ती सोपी वाटते. माचामेच्या वाटेवर तंबू. पण ती वाट एका दिवशी साडेचार हजार मीटरच्या वर चढवते आणि त्याच संध्याकाळी खाली उतरवून झोपवते. त्यामुळे विरळ हवेची शरीराला सवय होते. ५,८९५ मीटरवर पोचायचं तर पायांपेक्षा श्वासाचा हिशेब आधी मांडावा लागतो. महाबळेश्वर १,३७२ मीटर, तिथे श्वासाचा प्रश्न येत नाही. आमच्याकडे पाणी, ऊन आणि घसारा यांच्यावर वाट ठरते.

नकाशावरच्या दोन रेषांमध्ये वीस मीटरची चढण असते. रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा समजायचा. त्या दाटीत कुठे रेषांचं टोक दरीकडे पुढे आलेलं दिसतं, ती दांड, म्हणजे सोंड. कुठे टोक डोंगरात आत घुसतं, ती नाळ. दांडेवर वारा असतो, दूरवर दिसतं, चुकलं तर कळतं, पण पाण्याचा थेंब नाही आणि दहानंतर डोकं तापतं. नाळेत सावली असते, फेब्रुवारीपर्यंत एखाद्या डबक्यात पाणीही मिळतं. पण वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. सहा वर्षांपूर्वी मी एक नाळ केवळ नकाशावर आखूड दिसली म्हणून निवडली होती. मध्ये वीसेक फुटांचा कोरडा धबधबा निघाला. वीस मीटरच्या रेषांमध्ये वीस फुटांचा कातळ सहज लपतो, हे मला माहीत असायला हवं होतं. अंधार पडत असताना पाच जणांना घेऊन मी उलटी उतरले. त्या रात्रीनंतर आखूड वाट मला मोहात पाडत नाही.

दादा कुंभार्लीच्या बाजूचा. चिपळूणहून डांबरी रस्ता, वर कोयनानगर, पुढे पाटण. चुकायची भीती नाही, रात्री चहाही मिळेल. पण लांबचा पल्ला, आणि दिवसभर ट्रकांना जागा देत कडेकडेनं चालायचं. बहिणीचं मन चोरवण्यावरून नागेश्वर आणि वासोट्यावर. तो भाग कोयना अभयारण्यातला, वनखात्याची परवानगी हवी, आणि मुख्य अडचण पलीकडे. कर्व्यांच्या वेळी तिथे कोयना नदी होती, आज शिवसागर जलाशय आहे. धरण झालं तेव्हा खोऱ्यातल्या जुन्या पायवाटा पाण्याखाली गेल्या. वासोटा उतरून बामणोलीला जायचं तर लाँचच हवी. पायी निघालेल्यांनी लाँचमध्ये बसायचं, हे काही आमच्या गळी उतरेना.

राहिला हातलोट घाट. खेड तालुक्यातल्या बिरमणीतून चढायचं, वर हातलोट, शेजारी मधुमकरंदगडाची जोडशिखरं, मग चतुरबेटच्या बाजूला उतरून कोयना ओलांडायची. तिथे ती अजून अंगानं लहान असते. पुढे महाबळेश्वर आणि सातारा. कागदावर ही वाट सगळ्यांत शहाणी दिसत होती. पण कागद जुना होता. २२ जुलै २०२१ च्या पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत ६०० मिलिमीटरच्या जवळ पाणी पडलं आणि या सगळ्या पट्ट्यात दरडी कोसळल्या. डोंगराच्या अंगावरचे ते लाल ओरखडे जुन्या नकाशात नाहीत. म्हणून डिसेंबरात आम्ही नुसतं विचारायला बिरमणीला गेलो.

विचारण्याचीही एक रीत आहे. ‘वाट आहे का?’ असं विचारलं तर ‘आहे की’ म्हणतात, आणि खोटं नसतं ते. पन्नास वर्षांपूर्वी होती, म्हणजे त्यांच्या लेखी आहेच. विचारायचं ते असं: शेवटचं कोण गेलं, कधी, डोक्यावर काय घेऊन? ओझं घेऊन बाईमाणूस गेलेलं असेल तर वाट चांगली. आणि सगळ्यांत पक्की खूण सोयरिकीची. वरच्या गावच्या मुली खाली दिलेल्या असल्या की वाटेवर गवत माजत नाही.

एक आजोबा आमच्याबरोबर तासभर चढले. पायात रबरी चप्पल, कमरेला आकडी, तिच्यात कोयती. बोलणं थोडं. वाट कारवीत शिरली तिथे थांबले, खाली वाकले आणि कापलेल्या कारवीच्या बुंध्यावर अंगठा फिरवला. ‘ह्यो बगा, पांडरा हाय. औंदा तोडलान. काळा असता तर म्या तुमास्नी हितनंच मागं फिरवलं असतं.’ आणखी वर शेणाची पो दिसली. काठीच्या टोकानं त्यांनी ती उलटली, आतून ओलसर. दोन दिवसांमागे गुरं इथून गेली होती, आणि जिथून भरलेली म्हैस जाते तिथे माणसाला दोर लागत नाही. वळणावर दगड रचून बांध घातलेला, त्यावरचे दगड वापरून गुळगुळीत झालेले. दरड कुठे आहे विचारलं तर त्यांनी नुसती हनुवटी उजवीकडे केली. ओढ्यापलीकडची अख्खी बाजू सोलल्यासारखी लाल होती. वाट अलीकडच्या दांडेवर होती, म्हणून वाचली. कोणी शेकडो वर्षांपूर्वी ओढा टाळून इथून पाऊल घातलं, त्याला हा डोंगर कळला होता.

परत फिरताना त्यांनी एकच गोष्ट बजावली. अकराच्या आत खिंड दिसली नाही तर हट्ट करायचा नाही, झऱ्यापाशी परत यायचं. ती वेळ मी नकाशावर पेन्सिलीनं लिहून ठेवली, झऱ्याच्या शेजारीच.

जानेवारीत निघालो. दापोली, खेड, बिरमणी हे नुसतंच पाय ओढणं होतं. तिसऱ्या पहाटे साडेपाचला घाटाला लागलो. समुद्रसपाटीवर वाढलेले आमचे पाय पहिल्या तासात कुरकुरले, नंतर लयीत आले. झऱ्याला करंगळीएवढी धार होती. बाटल्या भरायला वीस मिनिटं गेली, ती जाऊ दिली. साडेनऊला खिंडीतला वारा तोंडावर आला, गार, कोरडा, आमच्या खारट वाऱ्यापेक्षा अगदी निराळा.

हातलोटात एका घरापाशी पाणी मागितलं. तांब्या देताना वहिनींनी आमच्या पायांकडे पाहिलं. ‘खालून आलासा? बिरमणीतनं?’ हो म्हटल्यावर त्या पायरीवर टेकल्या. माहेर होतं त्यांचं. देवळाकडे वळताना विहिरीवरचा आंबा लागतो, त्याला मोहोर धरलाय का, त्यांनी विचारलं. धरला होता. पहाटे काळोखात दिसला नव्हता, वास आला होता. तेवढं सांगितलं, आणि त्यांनी आत चहाचं आधण ठेवलं.