संगणकाने औषध शोधलं, मग ते दुकानात का नाही?

‘आता औषधं संगणकच शोधतो, तेही काही दिवसांत.’ २०२० साली हॅलिसिन या प्रतिजैविकाची बातमी आली आणि हा समज पक्का झाला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ते यंत्रशिक्षणाच्या मदतीने हेरलं, हे खरंच. पण त्याआधी प्रयोगशाळेत सुमारे २,३०० रेणू ई. कोलाय जिवाणूंवर टाकून कोणता रेणू वाढ रोखतो, याची नोंद करावी लागली होती. त्या नोंदींवर संगणक शिकला. मग सुमारे ६,००० ज्ञात संयुगांतून त्याने काही निवडून दिली आणि तीही पुन्हा जिवाणूंवर तपासावी लागली. हॅलिसिन तर उंदरांवरही तपासलं गेलं. तो रेणूही नवा नव्हता. मधुमेहासाठी त्याचा पूर्वी विचार झाला होता.

संगणक कुठे शोधायचं ते सांगतो आणि माझ्या मते ही फार मोठी मदत आहे. प्रथिनांच्या घड्या ओळखणाऱ्या अल्फाफोल्डच्या कर्त्यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, तो उगीच नव्हे. पण प्रथिनाला चिकटणारा रेणू पोटातून रक्तात उतरेल का, यकृत त्याचं काय करेल, हे त्या घडीवरून कळत नाही. माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दर दहा औषधांपैकी साधारण नऊ बाद होतात.

‘प्राण्यांवर चाललं की माणसाला चालतं.’ मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी स्वयंसेवकांना टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड दिलं गेलं. माकडांना सोसलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाएवढीच मात्रा होती, तरी काही तासांतच सहाही जण अत्यवस्थ झाले. सुदैवाने सगळे वाचले. प्रतिपिंड ज्या खुणेला चिकटतं, ती खूण माणसाच्या काही प्रतिकारपेशींवर असते; त्या माकडांच्या तशाच पेशींवर ती नव्हती. तेव्हापासून अशा औषधाचा पहिला डोस आधी एकालाच देऊन वाट पाहतात. मानवी पेशींवरच्या चाचण्यांनाही वजन आलं. २०२२ अखेर अमेरिकेने आणि २०२३ मध्ये भारताने प्राण्यांऐवजी अशा पद्धती वापरायला कायद्याने वाट मोकळी केली.

वनस्पतीचं औषध निर्धोकच असतं, हाही असाच एक समज. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधा ५० रुग्णांना देऊन, रक्तदाब मोजून निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि जगाचं तिकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढण्यात आलं. रक्तदाब उतरे, पण ते घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये नैराश्यही आढळलं.

सगळ्यांत खोलवर रुजलेला गैरसमज मात्र वेगळाच आहे: ‘चाचणीत ज्यांना खोटी गोळी मिळते, त्यांचा बळी जातो.’ हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाचे जादा ठोके पडत असतील तर अचानक मृत्यूचा धोका वाढतो. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं असे ठोके थांबवत; ईसीजीवर ते स्पष्ट दिसे. डॉक्टर ती विश्वासाने देत. ठोके थांबले म्हणजे जीव वाचला, हे इतकं उघड वाटे की अर्ध्या रुग्णांना औषधाविना ठेवणं काहींना अन्याय्य वाटलं. तरीही अमेरिकेत ‘कास्ट’ ही चाचणी झाली. ज्यांचे ठोके औषधाने आटोक्यात येतात, असेच रुग्ण निवडले आणि चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. १९८९ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली. औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते. खोटी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारत होता आणि माणसं मरत होती. कोणत्याही अनुभवी डॉक्टरला आपल्या एकेका रुग्णावरून हे कळणं शक्य नव्हतं, कारण असा रुग्ण तसाही दगावू शकतोच. तुलनेला दुसरा गट होता, म्हणून कळलं.

ज्या आजारावर सिद्ध उपचार आहे, तिथे मात्र सहसा खोटी गोळी न देता नवं औषध त्या उपचाराशीच ताडून पाहतात. भारतात २००९ पासून नव्या औषधाची अशी प्रत्येक चाचणी सुरू होण्याआधी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. तुलना कशाशी आहे, किती जण आहेत, कोणता परिणाम मोजणार, हे त्यात आधीच लिहिलेलं असतं. ती नोंदवही इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येते.