ब्रह्मगिरीची झीज व उतारावरील माती

हिमालयात डोंगर कोरण्याचे काम हिमनद्या करतात. बर्फाच्या तळाशी अडकलेले धोंडे खडक खरवडतात व दरी रुंद तळाची होते. नाशिक जिल्ह्यात हिमनदी नाही. तेथे हेच काम पावसाचे पाणी करते.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून येथील सह्याद्री बनला. कठीण थरांचे कडे उभे राहिले, मऊ थर झिजून उतरण झाली; म्हणून त्र्यंबकचा ब्रह्मगिरी पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. या खडकास भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात. त्या शब्दाचा स्वीडिश भाषेतील मूळ अर्थही जिना असाच आहे.

डोंगराची ही झीज कोणासही थांबविता येणार नाही, आणि तशी गरजही नाही. गोदाकाठची काळी जमीन ही तिचीच देणगी होय. खरी हानी निराळी आहे. नागली-वरईसाठी उतार मोकळा केला की, पीक अंग धरण्यापूर्वीच जोराचा पाऊस येतो व उघडी माती वाहून नेतो. वीतभर माती बनण्यास हजारो वर्षे लागतात. त्र्यंबककडील माती १९६५ साली पूर्ण झालेल्या गंगापूर धरणात गाळ होऊन बसते. पेठ-सुरगाण्याकडील बरीचशी पश्चिमवाहिनी नद्यांबरोबर समुद्राकडे जाते.

यासाठी नांगरट उतारास आडवी करावी, समपातळीत बांध घालावेत व त्यांवर गवत वाढू द्यावे. ओघळींना दगडी बांध घालताना आरंभ माथ्याकडून करावा. पुष्कळ ठिकाणी सोयीचा म्हणून पायथ्याचा बांध आधी घातला जातो, आणि वरून मोकळे सुटलेले पाणी तो फोडून टाकते.