सेकंदाला २७ हजार

बिल गेट्स यांनी ८ मे २०२५ रोजी जाहीर केलं, की येत्या वीस वर्षांत आपली जवळजवळ सगळी संपत्ती गेट्स फाउंडेशनमार्फत वाटून टाकायची आणि ३१ डिसेंबर २०४५ रोजी फाउंडेशनला कुलूप लावायचं. तोवर वाटायची रक्कम साधारण २०० अब्ज डॉलर. एवढ्या मोठ्या आकड्याने डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही, म्हणून तो फोडून बघू. डॉलर ८५ रुपयांना धरू. बाजारात तो वर गेलाय, पण हिशेबाला ८५ बरा. वर्षाला १० अब्ज डॉलर, म्हणजे ८५ हजार कोटी रुपये. दिवसाला २३३ कोटी. मिनिटाला १६ लाख. सेकंदाला २७ हजार. रात्री, रविवारी, दिवाळीत आणि नाताळातही, वीस वर्षं, न थांबता.

आजचा वेगही काही कमी नाही. फाउंडेशनचा २०२५ चा खर्चाचा अंदाज ८.७४ अब्ज डॉलरचा होता. रुपयांत सुमारे ७४,३०० कोटी. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प होता ७४,४२७ कोटींचा. म्हणजे कोस्टल रोड, केईएम-सायन-नायर रुग्णालयं, पाणी, गटारं, शाळा आणि लाखाच्या घरातले कर्मचारी मिळून महापालिका जेवढा पैसा हलवते, तेवढा सिएटलमधली एक खासगी संस्था सुमारे दोन हजार माणसांच्या बळावर वाटते. माणशी वर्षाला ३७ कोटी. आपल्याकडच्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या लेखाधिकाऱ्याला हे सांगितलं तर तो आधी खुर्चीत नीट बसेल आणि मग विचारेल, सह्या कोण करतं?

आता हाच आकडा उलटा धरू. पृथ्वीवर माणसं ८२० कोटी. ८.७४ अब्ज डॉलर त्यांच्यात वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला जेमतेम एक डॉलर. भारताच्या केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटींचा होता. दिवसाला १३,८०० कोटींहून जास्त. त्या मापाने गेट्स फाउंडेशनचं सबंध वर्ष म्हणजे दिल्लीच्या तिजोरीचे साडेपाच दिवससुद्धा नाहीत. दानाच्या आकड्यांची ही गंमत आहे. माणसाशेजारी ठेवले तर हिमालय, सरकारशेजारी ठेवले तर वारूळ. कुणी अब्जाधीश भूक मिटवणार, कुणी शाळा सुधारणार असे मथळे वाचताना हा दुसरा भागाकार करून बघावा. पैसा पुरायचा प्रश्नच नसतो, तो कधीच पुरत नाही. तो कुठे, कोणाला आणि कोणत्या अटींवर दिला, यावरच सगळं ठरतं.

नेमक्या जागी पडलेला पैसा काय करतो याचं जुनं उदाहरण आपल्या ताटात आहे. रॉकफेलर फाउंडेशन १९१३ मध्ये सुरू झालं. १९४३ पासून त्याने मेक्सिकोत शेती संशोधनाला पैसे दिले. नॉर्मन बोरलॉग तिथे बुटक्या, तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या गव्हावर वर्षानुवर्षं खपले. १९६६ मध्ये भारताने त्या जातीचं १८ हजार टन बियाणं बोटींनी मागवलं. १९६५ च्या सुमारास देशात सव्वा कोटी टनांच्या आसपास गहू पिकत होता, १९७० पर्यंत तो दोन कोटी टनांवर गेला. पंजाबच्या भूजलाचं पुढे काय झालं तेही या खात्यावर मांडायला हवंच. पण फाउंडेशनने इथे गहू वाटला नव्हता. वीस वर्षं काही हाती लागेल की नाही याची खात्री नसताना चार माणसांचे पगार चालू ठेवले होते.

वाटण्यापेक्षा न वाटण्याचा प्रश्न मात्र जास्त अवघड निघाला. अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०१ मध्ये पोलादाचा कारखाना ४८ कोटी डॉलरला विकला, अडीच हजारांवर ग्रंथालयं बांधून दिली आणि तरी पैसे संपेनात, म्हणून १९११ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशन काढून उरलेले तिथे ठेवले. ते आजही संपलेले नाहीत. साडेतेरा कोटींच्या मूळ निधीचे चार अब्जांवर झाले आहेत. अमेरिकी कायद्याने खासगी फाउंडेशनला दर वर्षी मालमत्तेच्या किमान ५ टक्के खर्च करावे लागतात. गुंतवणुकीवर ७-८ टक्के सुटले तर पाच दिल्यावरही गंगाजळी वाढतच राहते. कायद्याला दान हवं असतं, दात्याला अमरत्व, आणि ५ टक्के ही त्यांच्यातली तडजोड. आपल्याकडे नियम उलटा लागतो. आयकर सवलत हवी असेल तर ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी खर्ची घालावे लागतात. मालमत्तेला कोणी हात लावत नाही. म्हणून आपल्याकडे ट्रस्टच्या नावावर भर बाजारपेठेत वाडा असतो आणि खात्यात दिवाबत्तीपुरते पैसे.

या अमरत्वावर लाथ मारणारा माणूस म्हणजे चक फीनी. विमानतळांवरच्या ड्यूटी-फ्री दुकानांतून कमावलेले ८ अब्ज डॉलर त्यांनी हयातीत वाटले, त्यांतले बरेचसे नाव न सांगता, आणि २०२० मध्ये आपलं फाउंडेशन बंद केलं. स्वतःसाठी व बायकोसाठी ठेवले साधारण २० लाख डॉलर. प्रमाण चार हजारास एक. कोट्यधीश माणसाने २,५०० रुपये खिशात ठेवून बाकीचे देऊन टाकावेत, तसं. सॅन फ्रान्सिस्कोत भाड्याच्या घरात राहायचे. २०२३ मध्ये गेले.

आपल्याकडचं टाटांचं प्रकरण या सगळ्यांहून वेगळं आहे. १८९२ मध्ये जमशेटजींनी परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्तीचा निधी काढला. एकाने फेडलेले पैसे पुढच्याच्या कामी येतात. थोरला मुलगा दोराबजी यांनी पत्नी मेहेरबाईंना ज्युबिली हिरा घेऊन दिला होता. २४५ कॅरेटचा, आजच्या कोहिनूरच्या दुप्पट वजनाचा. १९२४ मध्ये टाटा स्टीलच्या गळ्याशी आलं तेव्हा तो दागिन्यांसह बँकेत तारण गेला, पगार भागले, हिरा परत आला. मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, दोराबजी पुढच्याच वर्षी. हिरा विकला गेला आणि पैसा दोराबजींच्या ट्रस्टमध्ये आला. परळचं टाटा मेमोरियल १९४१ मध्ये उभं राहिलं त्यामागे हा ट्रस्ट आहे. आज टाटा सन्सची ६६ टक्के मालकी टाटांच्या ट्रस्टांकडे आहे. म्हणजे मिठाच्या पुडीपासून सॉफ्टवेअरपर्यंत जो नफा होतो, त्याच्या लाभांशातला मोठा हिस्सा दवाखान्या-शाळांच्या दिशेने जातो. २०२१ च्या एका जागतिक यादीने जमशेटजींना शतकातला सर्वांत मोठा दाता ठरवून १०२ अब्ज डॉलरचा आकडा लावला. त्यातला बहुतेक भाग कंपन्यांच्या शेअरांची किंमत आहे, रोख नव्हे, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

इतका वेळ देणाऱ्यांचं झालं. मागणाऱ्यांचा हिशेब कुणी मांडत नाही.

अमेरिकेतल्या मॅकआर्थर फाउंडेशनने २०१६ मध्ये स्पर्धा लावली: जगातला एक प्रश्न सोडवून दाखवा, १० कोटी डॉलर देतो. प्रस्ताव आले १,९०४. निवडायचा एक. (सीरियाच्या युद्धात विस्थापित झालेल्या मुलांच्या शिक्षणाचा प्रकल्प निवडला गेला.) आता समजा एका प्रस्तावामागे शंभरच तास गेले, आणि बजेट, नकाशे, सहकारी संस्थांची पत्रं धरता हा अंदाज कंजूष आहे, तर एकूण १ लाख ९० हजार तास होतात. एका माणसाच्या नोकरीच्या वर्षात दोन हजार तास धरले तर ही ९५ वर्षं. त्यातली ९४ हून जास्त हरलेल्यांची. हा खर्च कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

आपल्याकडे हाच खर्च तालुक्याच्या गावी, एका टेबलावर दिसतो. मार्चचा शेवटचा आठवडा. संस्थेचा हिशेबनीस व्हाउचरांच्या थप्पीवर शिक्के मारत बसलेला असतो, कारण प्रत्येक फंडरला आपल्या पैशातून झालेल्या खर्चावर आपल्या प्रकल्पाचं नाव हवं असतं. संस्थेची जीप एक, फंडर तीन. लॉगबुकात डिझेलचे तीन भाग. सकाळी कुपोषणाच्या प्रकल्पासाठी निघालेली गाडी परतताना बचत गटाच्या बाईला दवाखान्यात सोडते, तो किलोमीटर कोणाचा? एकाला यूसी, म्हणजे पैसे खर्ची पडल्याचा दाखला, तिमाही लागतो, दुसऱ्याला सहामाही. एकाचं वर्ष मार्चला संपतं, दुसऱ्याचं डिसेंबरला. पोर्टल वेगळी, पासवर्ड वेगळे. शिवाय धर्मादाय कार्यालयात विश्वस्तबदलाचा चेंज रिपोर्ट पडून असतो आणि जुना विश्वस्त वारला तरी कागदोपत्री जिवंत असतो. या हिशेबनिसाचा पगार ज्या रकान्यातून निघतो त्याला प्रशासकीय खर्च म्हणतात, आणि प्रत्येक फंडरची पहिली कात्री तिथेच चालते. परदेशी देणग्यांच्या कायद्याने २०२० मध्ये ही मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली आणि एका संस्थेने परदेशी पैसा दुसरीला देण्यावर बंदी घातली. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा तर कंपनीच्या स्वतःच्या कारभारासाठी आहे. पण पुष्कळ कंपन्या ती बिनदिक्कत संस्थेच्या गळ्यात बांधतात. गेट्स फाउंडेशनने स्वतःच्या कारभाराला घातलेली मर्यादा वर्षाला सव्वा अब्ज डॉलरची आहे. १० हजार कोटींहून जास्त, एकूण खर्चाच्या सुमारे १४ टक्के. त्यांना लागतात ते १४ आणि मेळघाटातल्या संस्थेला पुरावेत ५, हा हिशेब मला कोणीतरी एकदा समजावून सांगावा.

अमेरिकी दात्या मॅकेन्झी स्कॉट यांनी हा सगळा खेळच मोडला. २०२४ अखेरपर्यंत त्यांनी १९ अब्ज डॉलरवर रक्कम सुमारे अडीच हजार संस्थांना दिली. बहुतेकांनी अर्जही केला नव्हता. पैसे कशावर खर्चायचे ते संस्थेने ठरवायचं. एकदाच त्यांनी खुले अर्ज मागवले, तेव्हा ६,३५३ आले. अडीचशे संस्थांना प्रत्येकी १० लाख डॉलर देण्याचा बेत होता. अर्ज बघून तो ३६१ संस्था आणि ६४ कोटी डॉलरवर गेला. पहिली छाननी अर्जदार संस्थांनीच एकमेकींची केली. दात्याला संस्थेतलं सगळं कळतं, हा समज सोडला की कामाचे कितीतरी तास वाचतात.

आणि सीएसआर? कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार २०१४ पासून ५०० कोटींची निव्वळ मत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी काहीही असलेल्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावे लागतात. पहिल्या वर्षी १० हजार कोटी निघाले. २०२३-२४ मध्ये आकडा ३५ हजार कोटींच्या आसपास पोहोचला. राज्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा असतो, आणि त्यातला मोठा तुकडा मुंबई-पुण्याच्या आसपास, जिथे कारखाने नि कचेऱ्या आहेत. २०१५ मध्ये सीबीआयने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं होतं, की देशात नोंदलेल्या स्वयंसेवी संस्था ३१ लाख आहेत. पुष्कळ नुसत्या कागदावर असतील. तरी भागाकार करून बघा: सगळा सीएसआर वाटला तर संस्थेला महिन्याला सुमारे ९,४०० रुपये. एका कार्यकर्त्याचा पगारही निघत नाही.

कार्यकर्त्याचा पगार म्हटलं की मला सामाजिक कृतज्ञता निधी आठवतो. १९८० च्या दशकात डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि मंडळींनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग महाराष्ट्रभर केले, तिकिटांच्या पैशातून निधी उभा केला आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन सुरू केलं. प्रकल्पाला नव्हे, माणसाला. स्कॉटबाईंच्या पद्धतीचं आज जगभर कौतुक होतं. आपल्याकडे तिचा मराठी प्रयोग नाट्यगृहांत तिकीट लावून झाला होता. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या मराठी माणसांनी काढलेलं महाराष्ट्र फाउंडेशनही पुढे साहित्याबरोबर समाजकार्याचे पुरस्कार देऊ लागलं, तेही प्रकल्पांना नव्हेत, माणसांना.

तो निधी आजच्या भावाने मांडून बघू. कार्यकर्त्याला दरमहा २५ हजार, वर्षाला ३ लाख. ७ टक्के व्याज धरलं तर त्यासाठी कायम ठेव हवी ४३ लाखांची. महागाई व्याजातलं निम्म्याहून जास्त खाणार, म्हणून सरळ एक कोटी धरू. महाराष्ट्रात तालुके ३५८. प्रत्येक तालुक्यात एक पूर्णवेळ कार्यकर्ता, तोही कायमचा, यासाठी ३५८ कोटी लागतील. गेट्स फाउंडेशनच्या वेगाने ही रक्कम दीड दिवसाची. देशातल्या कंपन्यांच्या एका वर्षाच्या सीएसआरचा हा एक टक्का, आणि तोही एकदाच. कंपन्यांना मात्र हे करता येणार नाही. २२ जानेवारी २०२१ पासून कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत घातलेला पैसा सीएसआर म्हणून धरला जात नाही.