पाकीट सुटले की जीभ जागी होते

वस्तीतल्या किराणा दुकानाच्या दारात लटकणाऱ्या पाकिटांच्या माळा आता घराघरांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. ५ रुपयांचे वेफर्स, ५ रुपयांचा क्रीम बिस्किटांचा पुडा, थंड पेयाची छोटी बाटली. आई सकाळी धुण्याभांड्याच्या कामाला निघते, वडील नाक्यावर किंवा सफाईच्या पाळीला. मुलाच्या हातावर ५-१० रुपये ठेवले की नाश्त्याचा प्रश्न मिटतो. संध्याकाळी कोपऱ्यावर चायनीजची गाडी उभी असतेच. यात आईवडिलांचा आळस नाही. हाताशी वेळ नाही, गॅस महाग आहे आणि मूल हट्ट धरून बसले आहे. म्हणून या लेखात कुणाला बोल लावायचा नाही. सांगायचे ते एवढेच की ही पाकिटे सुटू शकतात, आणि सुटली की जिभेची चव बदलते.

"आमच्या पोराला भाजी चालतच नाही." "भाकरी घशाखाली उतरत नाही." "मीठ जरा कमी पडले की जेवण गोड लागत नाही." अशी वाक्ये आपण रोज ऐकतो आणि चव ही जन्माची गोष्ट आहे असे धरून चालतो. तसे नाही. जीभ शिकते. रोज जे मिळते त्याची तिला सवय लागते, आणि रोजचे बदलले की तिची सवयही बदलते.

चव कशी घडते

आपल्या जिभेवर चव ओळखणाऱ्या हजारो सूक्ष्म कळ्या असतात. त्यांतल्या पेशी साधारण १०-१५ दिवसांत झिजून नव्या तयार होतात. पण चव केवळ जिभेवर ठरत नाही. नाकाला येणारा वास, दातांखालचा कुरकुरीतपणा आणि मेंदूतली आठवण मिळून चव बनते. सर्दी झाली की चमचमीत जेवणही मातीसारखे लागते, ते वास कळत नाही म्हणून.

गोड आवडणे आणि कडू नकोसे वाटणे हे बाळ जन्मापासूनच घेऊन येते. पण किती गोड म्हणजे पुरेसे गोड, किती खारट म्हणजे चवदार, ही मोजपट्टी रोजच्या खाण्यातून तयार होते. रोज वेफर्स खाणाऱ्या मुलाची मोजपट्टी वेफर्सच्या मिठावर बसलेली असते. त्याच्यासमोर घरची दोडक्याची भाजी ठेवली की त्याला ती अळणी लागते. ते लाड करून घेत नसते, त्याला ती खरोखरच तशी लागते.

ही मोजपट्टी खाली आणता येते, हे शास्त्रज्ञांनी तपासले आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात चवीवर संशोधन करणारी मोनेल नावाची संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी १९८२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही तरुणांनी ५ महिने कमी मिठाचा आहार पाळला. पुढे त्याच लोकांना सूपमध्ये आणि खाऱ्या बिस्किटांत पूर्वीपेक्षा कमी मीठ आवडू लागले. त्यांची जीभच बदलली होती.

साखरेबाबतचा असाच अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात लोकांनी ३ महिने साखर बरीच कमी केली. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापर्यंत तेच गोड पदार्थ त्यांना आधीपेक्षा जास्त गोड लागू लागले. मात्र गोडाची आवड काही गेली नाही. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली म्हणजे, कमी साखरेतही तेवढाच गोडवा मिळू लागतो. दुसरी म्हणजे, पाकीट सुटल्यावरही कधीतरी मन त्याकडे ओढ घेईल. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

पोट भरते, शरीर उपाशी राहते

कारखान्यात तयार होणाऱ्या या खाण्याला ब्राझीलचे डॉक्टर कार्लोस मॉन्तेरो यांनी २००९ साली 'अल्ट्रा-प्रोसेस्ड' असे नाव दिले, म्हणजे मूळ धान्यावर इतक्या प्रक्रिया केलेले की त्यात धान्य ओळखूच येऊ नये. मैदा, साखर, पामतेल, मीठ, रंग आणि कृत्रिम स्वाद यांचा हा खेळ असतो. पदार्थ मऊ किंवा तोंडात विरघळणारा असल्याने फारसा चावावा लागत नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वेळ लागतो. तोवर पाकीट रिकामे होऊन हात दुसऱ्या पाकिटाकडे गेलेला असतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना महिनाभर दवाखान्यातच ठेवून हे पाहिले. २ आठवडे कारखान्यातले खाणे आणि २ आठवडे साधे ताजे अन्न दिले. दोन्ही वेळा ताटातली साखर, मीठ, चरबी आणि चोथा सारखाच ठेवला होता आणि हवे तेवढे खायची मुभा होती. कारखान्यातले खाणे असताना लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचे वजन जवळजवळ १ किलोने वाढले. साध्या अन्नावर ते तेवढेच उतरले. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या वस्त्यांत याची दुसरी बाजू जास्त जाचते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रात ५ वर्षांखालच्या १०० मुलांपैकी जवळजवळ ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी होते. १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ जणींची हीच गत होती. रक्त कमी असण्याची कारणे अनेक आहेत. पण ज्या छोट्या पोटात दिवसभरात जेमतेम दोन-तीन वाट्या अन्न मावते, तिथे वेफर्स आणि बिस्किटांनी जागा अडवली की डाळ, अंडे, पालेभाजी यांना जागा उरत नाही. मूल भुकेले दिसत नाही, पण अभ्यासात डोळे मिटू लागते. घरातल्या मोठ्या माणसांना रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या सुरू होतात, त्यांतही या खाण्याचा वाटा असतो.

सोडल्यावर काय होते

पहिला आठवडा जड जातो. मूल रडते, मोठी माणसे चिडचिडतात. रोज कोला पिण्याची सवय असेल तर दोन-चार दिवस डोके दुखू शकते, कारण त्यात कॅफिन असते. जेवण फिके लागते. बहुतेक घरे नेमकी इथेच माघार घेतात. फिके लागणे ही जीभ वळण घेत असल्याची खूण आहे. तो टप्पा पार करायचा असतो.

भाकरी, उसळ आणि पालेभाजीतून चोथा पोटात जाऊ लागला आणि पाणी पुरेसे प्यायले, तर पोट साफ होऊ लागते. खारट कमी झाल्याने सारखी तहान लागत नाही. रक्तदाब असलेल्यांनी मीठ कमी केले तर महिनाभरात आकडा थोडा खाली येऊ शकतो. रात्री तळलेले आणि तिखटजाळ खाणे बंद झाले की अनेकांची छातीतली जळजळ कमी होते आणि झोप नीट लागते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात नुसत्या भाजलेल्या शेंगदाण्याचा गोडवा कळू लागतो. कांद्याची, ज्वारीची, ताज्या टोमॅटोची आपली चव असते हे लक्षात येते. मग पूर्वीचे आवडते पाकीट फोडले तर ते कधी कधी नुसते खारट लागते.

मिश्री, तंबाखू आणि विडीचे व्यसन असेल तर चव परत यायला अडथळा होतो. ते सुटले तर चव आणि वास दोन्ही सुधारतात.

भाकरीची लाज कशाला

आपल्या घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. जात आणि गरिबी यांनी आपल्या आजी-आजोबांच्या ताटात जे वाढले, त्याला गावाने हिणवले. त्यामुळे शहरात आल्यावर पांढरा पाव, पुड्यातले बिस्कीट आणि पाहुण्यासाठी थंड पेयाची बाटली ही बरे दिवस आल्याची निशाणी झाली. ते समजण्यासारखे आहे. पण त्या जुन्या ताटात नुसती उपासमार नव्हती, शहाणपणही होते. घोळ, तांदुळजा, अंबाडी, शेवग्याचा पाला, हुलग्याचे माडगे, सुकट. मराठवाड्यातल्या दलितांच्या या खाण्याची नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात करून ठेवली आहे. आज ज्वारी-नाचणी मोठ्या दुकानांत आरोग्याचे अन्न म्हणून चढ्या भावाने विकली जाते. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलीग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. आजीच्या ताटातले हे पदार्थ पुन्हा वाढताना मान खाली घालायचे कारण नाही.

सुरुवात कशी करावी

आधी पैशाचा हिशेब मांडा. दोन मुले, दिवसाला प्रत्येकी ५ रुपयांची दोन पाकिटे म्हणजे २० रुपये. महिन्याचे ६०० रुपये झाले. आपल्या दुकानातले अंडी, फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ यांचे भाव विचारा आणि या ६०० रुपयांत काय काय येते ते मुलांसमोरच कागदावर लिहा.

सगळे एका दिवसात बंद करू नका. कोसल देशाचा राजा पसेनदी याची गोष्ट संयुत्त निकायात आहे. तो खूप जेवून धापा टाकत बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला जेवणाचे मान राखायला सांगितले. राजाने एका तरुणाला रोज जेवताना त्या उपदेशाची आठवण करून द्यायला नेमले आणि भाताचे प्रमाण हळूहळू खाली आणले. घरात तसा आठवण देणारा एक जण हवा, आणि उतार हळूहळू हवा.

- पहिल्या आठवड्यात फक्त थंड पेय बंद करा. २५० मिलीलीटरच्या कोलाच्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम साखर असते, म्हणजे ५ चमचे. त्याऐवजी ताक किंवा लिंबूपाणी द्या.
- दुसऱ्या आठवड्यात रोजचे पाकीट दिवसाआड करा, पुढे आठवड्यातून एकदा. पाकीट घरात साठवून ठेवू नका.
- रात्रीच मूठभर चणे किंवा मटकी भिजत घाला. सकाळी उकडून कांदा-लिंबू घातले की नाश्ता तयार. उकडलेले अंडे, ज्वारीच्या लाह्या, शेंगदाणे-गूळ, नाचणीची आंबील, शिळ्या भाकरीचा कुस्करा यांतले काहीही चालेल. फार लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या.
- भाजीतले मीठ एकदम तोडू नका, दर आठवड्याला चिमूटभर कमी करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. लोणचे, पापड आणि सुकटीतले मीठही त्यात धरा. सुकट पाण्याने धुऊन घ्या.
- मुलाने भाजी एकदा थुंकली म्हणून सोडून देऊ नका. नवी चव पटायला ८ ते १५ वेळा समोर यावी लागते. मारू नका, लालूच दाखवू नका. घासभर वाढा आणि स्वतः त्याच्यासमोर खा.
- जेवणासोबत चहा घेऊ नका. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळले तर लागते.

पाकीट घ्यायचेच झाले तर मागची बाजू वाचा. घटक पदार्थांच्या यादीत जे सर्वांत जास्त असते त्याचे नाव आधी लिहिलेले असते. मैदा, साखर आणि पामतेल पहिल्या तिघांत असतील तर काय ते समजा. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ कळते. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींना हे काम द्या. त्यांना ते पटकन जमते आणि मग तीच घरच्यांना टोकू लागतात.

मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खाणे एकदम कमी करू नये, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना सांगा. रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर बाजारातले 'कमी सोडियमचे मीठ' डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

कोपऱ्यावरचा वडापाव आयुष्यभर वर्ज्य करा असे कुणी म्हणत नाही. उन्हातान्हात राबून आलेल्या माणसाने कधी गरम वडापाव खाल्ला तर बिघडत नाही. रोजचे आणि कधीतरीचे यातला फरक घरात ठरला पाहिजे. तो एकट्या आईने ठरवून टिकत नाही. वडील संध्याकाळी मंचुरियनची पिशवी घेऊन आले की मुलाची आठ दिवसांची मेहनत वाया जाते. चाळीतल्या चार घरांनी मिळून ठरवले तर शेजारचे पाकीट पाहून मूल रडणार नाही. येत्या जयंतीला आपल्या मंडळाच्या स्टॉलवर थंड पेयाच्या खोक्यांऐवजी ताकाचे पिंप आणि भिजवलेल्या चण्यांची पातेली ठेवता येतील. खर्च किती आला याचा हिशेब मंडळाच्या पुढच्या बैठकीत मांडा.